लिफ्ट बंद आहे

आष्टीत लिफ्ट आहे, असे मी पुण्याच्या माझ्या साडूंना सांगितले तेव्हा त्यांनी हातातला कप बशीत ठेवला आणि विचारले, "कोणती आष्टी?"

प्रश्न अगदीच गैर नव्हता. वर्धा जिल्ह्यात एक आष्टी आहे, जालना जिल्ह्यात एक आहे, आणि सांगलीकडे आष्टा आहे. म्हणजे वराकडची बाजूही रिकामी नाही. मी सांगितले, आमची बीड जिल्ह्यातली. नगरहून जामखेडच्या रस्त्याला लागले की कड्याच्या पुढे येते ती. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेला अजून वळण लागायचे आहे. आमच्याकडे २३ सप्टेंबर २०२२ रोजी रेल्वेसुद्धा आली. आजोबांनी मागितली, वडिलांनी वाट पाहिली आणि नातवाने तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढला. जिथे रेल्वे आली तिथे लिफ्ट यायला काय हरकत आहे?

"आणि ती चालते?" साडूंनी विचारले.

मी बशीतली दोन बिस्किटे एकदम तोंडात घातली. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षे काढल्यावर माणूस एवढे तरी शिकतोच, की अडचणीच्या प्रश्नाच्या वेळी तोंड रिकामे ठेवू नये.

आमची शाखा ज्या इमारतीत आहे तिला तळमजला धरून चार मजले. तळाला बी-बियाणे, औषध फवारणीचे पंप आणि मोबाइल अशी एकमेकांशी न बोलणारी तीन दुकाने. पहिल्या मजल्यावर आम्ही. दुसऱ्यावर शिकवणीचा वर्ग. तिसऱ्यावर एक हॉल, तिथे साखरपुडे होतात, आणि साखरपुडे नसतील तेव्हा शिकवणीच्या वर्गातली मुले अभ्यास सोडून बाकीचे सगळे करतात. या चारही मजल्यांना जोडणारी एक लिफ्ट आहे. जाळीच्या सरकत्या दरवाजाची. आत पितळी पट्टी आहे, 'चार माणसे, २७२ किलो'. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे भागाकार लगेच केला. माणशी ६८ किलो. लिफ्टच्या हिशेबात भारतीय माणूस ६८ किलोंचा धरतात. आमचे मॅनेजर या हिशेबाने दीड आणि आमचा शिपाई पाऊण माणूस भरतो, पण सरासरीत कोणाचे कमीजास्त दिसत नाही, हाच सरासरीचा मोठा गुण.

तर अशी ही लिफ्ट आठ महिने उभी होती.

मी आता भांडणार आहे ते लिफ्टशी नव्हे. यंत्र म्हटले की ते बिघडणारच. माणसाच्या हाती आलेली कोणती वस्तू बिघडली नाही? माझे भांडण आहे ते लिफ्टच्या दारावर लावलेल्या पाटीशी. 'लिफ्ट बंद आहे.' ही पाटी पुठ्ठ्याची नव्हती. पुठ्ठ्यावर खडूने लिहिले असते तर उद्यापरवा पुसायचा विचार आहे एवढी तरी आशा वाटली असती. ही पाटी पत्र्याची होती. पांढऱ्या रंगाचे दोन हात, त्यावर लाल अक्षरे, अक्षरांना काळी सावली आणि भोवती निळी किनार. कोपऱ्यात वेलबुट्टी. पत्र्याला दोन भोके पाडून त्यात तार ओवलेली. लिफ्ट बंद पडल्याच्या तिसऱ्या दिवशी ही पाटी तयार होऊन आली. मेकॅनिकला फोन करायला कोणाला सवड झाली नाही. पेंटरकडे मात्र माणूस गेला, अक्षरांचा दर ठरला, घासाघीस झाली आणि वेलबुट्टी फुकटात पडली. पाटीच्या खाली उजवीकडे पेंटरची सही होती. सगळ्या प्रकरणात सही करायला पुढे आलेला तो एकच माणूस.

आता तुम्ही म्हणाल, पाटीत एवढे वाईट काय? लिफ्ट बंद आहे म्हणून बंद आहे असे लिहिले.

वाचकहो, इथेच माझ्यातला कारकून उठून उभा राहतो. आमच्याकडे चेक परत करायचा असला तरी नुसता 'चेक वटला नाही' म्हणून खिडकीतून भिरकावता येत नाही. सोबत मेमो द्यावा लागतो. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली, अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी; जे असेल ते कारण लिहायचे, तारीख घालायची, सही करायची. खातेदाराला राग येतो, पण निदान कशाचा यायला हवा ते कळते. लिफ्टची पाटी म्हणजे मेमोशिवाय परत आलेला चेक. कधीपासून बंद? लिहिलेले नाही. कशाने? माहीत नाही. कोणाला कळवले? कोण विचारणार! चालू कधी होणार? या प्रश्नावर तर पाटीकडे बघून लोक हसत. मला कोणी काउंटरवर असा कागद आणून दिला, की ज्यावर तारीख नाही, कारण नाही आणि सही रंगवणाऱ्याची आहे, तर मी तो परत करीन. पण हीच पाटी आठ महिने रोज सकाळी मी वाचली, 'हं' म्हटले आणि जिना चढलो. तेव्हा भांडण थोडे माझ्याशीही आहे.

पाटी लागण्यापूर्वीच्या तीन दिवसांत लिफ्टवर जे उपचार झाले ते सांगण्यासारखे आहेत. बी-बियाणेवाल्याने बटण जोरात दाबून पाहिले. बटण जोरात दाबले की लिफ्ट जोरात येते, असा आपल्याकडे समज आहे. मोबाइलवाल्याने बटण अकरा वेळा दाबले. त्याच्या धंद्यात बंद करून चालू करणे हा सर्व रोगांवरचा काढा आहे. शिकवणीच्या सरांनी जाळीतून आत डोकावून 'अरे!' असे ओरडून पाहिले. आमच्या मॅनेजरसाहेबांनी दाराला बुटाचे टोक लावले, म्हणजे लाथ मारली असे म्हणता येणार नाही, पण बूट पुसायला लागला. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत उभा राहिलो. आपल्याकडे बिघडलेल्या कोणत्याही वस्तूसमोर हात कमरेवर ठेवून उभे राहणे ही दुरुस्तीची पहिली पायरी मानतात. आमची तीच शेवटची ठरली.

या काळात एक आजी शाखेत येत. म्हणजे येत असे म्हणणे चूक आहे. शाखेच्या खाली येत.

आधारकार्डावर त्यांचे वय त्र्याहत्तर. श्रावणबाळ योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात जमा होतात. २०२३ साली हजाराचे दीड हजार झाले ते. आयुष्य ऊसतोडीत गेलेले. आमच्या तालुक्यात हे सांगावे लागत नाही, पण पुण्याच्या साडूंसाठी सांगतो. दसरा झाला की बैलगाडीत नाहीतर ट्रकात संसार घालून कारखान्याच्या गावाला जायचे, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरायचा, नवऱ्याने तोडायचे, बायकोने मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकात चढायचे. दिवसातून किती वेळा, ते मोजायला तिथे कोणी कारकून नसतो. तीस हंगाम आजी ती फळी चढल्या. तेव्हा त्याच लिफ्ट होत्या. आता गुडघे गेले आणि आमच्या जिन्याला चोवीस पायऱ्या.

पहिल्या महिन्यात त्यांनी खालून शिपायाला विचारले, "दादा, ही पेटी कव्हा सुरू व्हायची?"

शिपाई म्हणाला, "पाटी लावलीय की, आजी."

"मला कुठं वाचाया येतंय? तू सांग काय लिवलंय."

"बंद हाय, असं लिवलंय."

"ते तर मला बी दिसतंय," आजी म्हणाल्या. "कव्हा सुरू व्हायची ते लिवलंय का?"

शिपायाने ते वर येऊन सांगितले आणि आम्ही सगळे हसलो. नंतर हसू जरा अडकले. सही न करता येणाऱ्या बाईने त्या पाटीतली नेमकी चूक दोन वाक्यांत पकडली होती, आणि आम्ही पाच पदवीधर तिच्याखालून रोज जात होतो.

मग आम्ही सोय केली. दर महिन्याला एक दिवस शिपायाने अंगठ्याचे यंत्र घेऊन खाली जायचे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर आजींचा अंगठा घ्यायचा आणि पैसे द्यायचे. आजींच्या मागोमाग आणखी सहासात म्हातारी माणसे आणि कुबडीवर चालणारा एक तरुण असे त्या पायरीवर बसू लागले. शिपाई मोकळा होईपर्यंत बसायचे. कधी अर्धा तास, कधी दोन. उन्हाळ्यात ती पायरी अकराला तापते. आम्हाला मात्र आपल्या दयाळूपणाचे फार कौतुक वाटू लागले. साहेबांनी तर एका बैठकीत 'आपली शाखा ग्राहकांच्या दारात जाते' असे वाक्य टाकले. सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितले होते. दारात जा म्हणजे खातेदाराच्या दारात. आम्ही आमच्याच इमारतीच्या दारात गेलो आणि चोवीस पायऱ्या उतरल्याचे पुण्य पदरात पाडून घेतले. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा तर म्हणतो की सार्वजनिक इमारतीत सगळ्यांना जाता आले पाहिजे. जाता आले पाहिजे. कोणीतरी दया करून खाली आले पाहिजे असे नव्हे. हक्क आणि उपकार यांतला फरक समजायला कायद्याची पदवी लागत नाही. उपकारात वाट पाहणाऱ्याला सावली मागता येत नाही, एवढा साधा तो आहे.

लिफ्टविषयी बैठकही झाली. मालक, दुकानदार, सर आणि आमचे साहेब. बैठक कुठे झाली? आमच्या शाखेत, पहिल्या मजल्यावर. ज्यांना लिफ्ट हवी होती ते सगळे गैरहजर राहिले. कारण उघड होते. हजर असलेल्या सर्वांना जिना चढता येत होता, म्हणून लिफ्टची निकड नाही असा निर्णय एकमताने झाला. तक्रारवही पाहिली, तीत लिफ्टबद्दल एकही तक्रार नव्हती. तक्रारवहीसुद्धा पहिल्या मजल्यावर असते.

त्या बैठकीत जे मुद्दे निघाले ते मी नंतर पुष्कळ ठिकाणी ऐकले, म्हणून त्यांचा हिशेब इथेच करून टाकतो.

एक मुद्दा असा की आष्टीसारख्या गावात लिफ्टचे लाड कशाला? आपले बापजादे कुठे लिफ्टने जात होते? खरे आहे. बापजाद्यांची घरे बैठी होती आणि बँकही खाली होती. तिला वर नेली आपण.

दुसरा मुद्दा तब्येतीचा. जिना चढल्याने हृदय चांगले राहते. हे सांगणारे मालक स्वतः शाखेत कामासाठी येतात तेव्हा खालून फोन करतात आणि शिपाई कागद घेऊन खाली जातो. हृदय त्यांचे चांगलेच आहे, फक्त ते दुसऱ्यासाठी वापरतात.

तिसरा मुद्दा विजेचा. वीज जाते, मग माणूस आत अडकतो, दोर तुटतो, लिफ्ट धाडकन खाली येते; त्यापेक्षा बंद असलेलीच बरी. हा मुद्दा ऐकून मला भीती वाटली होती, हे कबूल करतो. पुढे मेकॅनिकने ती घालवली, ते सांगतोच.

चौथा मुद्दा पैशाचा. देखभालीचा वार्षिक करार संपला होता. तो मालकाने करायचा की भाडेकरूंनी, यावर भाडेकरारात एक कलम होते आणि त्या कलमाचे दोन अर्थ निघत होते. लिफ्ट घेताना साखरपुड्यासारखा समारंभ झाला होता, नारळ फोडला होता, आतल्या आरशाला हार घातला होता. आपल्याकडे नव्या वस्तूला हार मिळतो आणि जुन्या वस्तूला तेल मिळत नाही. उद्घाटनाला सगळे मालक असतात, देखभालीला सगळे भाडेकरू.

याच सुमारास एका वायरमनने एक तोडगा सुचवला. तो हुशार मुलगा आहे. गावातल्या निम्म्या मोटारी त्याच्या हातून चालतात. म्हणाला, "साहेब, दोनशे रुपयांत काम होतं. दाराचा जो स्विच आहे ना, तो डायरेक्ट करून टाकतो. मग दार लागो न लागो, लिफ्ट पळणार."

सगळ्यांचे चेहरे उजळले. माझाही उजळला, खोटे कशाला सांगू? दोनशे रुपयांत आजी वर येणार, पायरीवरची रांग जाणार आणि माझ्या मनाची टोचणीही जाणार. मी पाकीट काढले होते. तेवढ्यात शिकवणीचे सर म्हणाले, "म्हणजे दार उघडं असलं तरी वर जाईल?"

"हो."

"आणि लिफ्ट वर गेल्यावर खालचं दार उघडं राहील?"

"राहील की."

"मग तिथून आत पाऊल टाकलं तर?"

वायरमन काही बोलला नाही. सरांकडे चाळीस मुले येतात, आणि ती मुले कुठे पाऊल टाकतील याचा त्यांना बारा वर्षांचा अनुभव होता. मी पाकीट परत खिशात ठेवले. आजही ती गोष्ट आठवली की पोटात गोळा येतो. आजींना वर आणण्याच्या नादात मी कोणाच्यातरी पोराला खाली पाठवायची सोय दोनशे रुपयांत करून बसलो असतो. डायरेक्ट करणे हा आपला राष्ट्रीय छंद आहे. फ्यूज उडतो, तर जाड तार घालतो. शिट्टी वाजते, तर तिची वायर काढतो. जो अडवतो तो शत्रू! काउंटरवर बसून मला हे कळायला हवे होते. सही जुळत नाही म्हणून मी पैसे अडवतो तेव्हा खातेदार मलाही असाच डायरेक्ट करायला बघतो. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये जातो.

शेवटी एके दिवशी मीच नगरच्या एका मेकॅनिकला फोन केला. यात शौर्य काही नव्हते. त्या दिवशी आजी खाली आल्या होत्या, यंत्राला रेंज मिळत नव्हती आणि त्यांचा अंगठा पाच वेळा नाकारला गेला होता. ऊस तोडून तोडून अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. वर आमच्या खिडकीशी यंत्र चालत होते. चोवीस पायऱ्यांचा प्रश्न होता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या, पुढल्या म्हयन्यात बघू." दीड हजार रुपयांसाठी पुढच्या महिन्यापर्यंत थांबणे आजींना कसे परवडते, याचा ताळेबंद मला बी.कॉम.ला कोणी शिकवला नव्हता. मी बाहेर येऊन फोन लावला. आठ महिने जो फोन कोणाला जमला नाही त्याला दीड मिनिट लागले.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, तोंडात वेलदोडा. मला वाटले, आल्याआल्या यंत्र उघडील, धूर निघेल, पाने-पकडी पसरतील. त्याने काही उघडले नाही. प्रश्न विचारायला लागला, तेही आमच्या खात्यातल्या तपासनिसासारखे, एकामागून एक.

"आत दिवा लागतो?"

लागत होता. आठ महिने लागत होता.

"म्हणजे तिथवर वीज आहे. आता वरच्या खोलीतला मेन बघू." तोही ठीक निघाला. "आतलं लाल बटण कोणी दाबून ठेवलंय का?" नव्हते. "चारही मजल्यांची दारं लागलीत का?"

"लागलीत की!" मालक म्हणाले.

"बघितलीत?"

कोणीच बघितली नव्हती. आम्ही सगळे लिफ्टकडे बघत होतो आणि लिफ्ट उभी होती तळाला.

मेकॅनिक जिना चढू लागला. मी मागे. चढता चढता त्याने मला लिफ्टचे जे शास्त्र सांगितले ते मी आमच्या भाषेत सांगतो. लिफ्टची पेटी एका बाजूला आणि लोखंडाची वजने दुसऱ्या बाजूला, मध्ये कप्पी. तराजूच तो. वजने रिकाम्या पेटीपेक्षा जवळजवळ निम्म्या भाराने जड ठेवतात, म्हणजे मोटारीला सगळे ओझे उचलावे लागत नाही, पारड्यांतला फरकच तेवढा ओढावा लागतो. दोर एक नसतो, तीनचार असतात. आणि ब्रेकची गंमत अशी की तो विजेने लागत नाही, विजेने सुटतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला आवळून धरते. म्हणजे वीज गेल्यावर लिफ्ट पडत नाही, असेल तिथे घट्ट थांबते. आत असलेल्याने दार उचकटून उडी मारण्याचा पराक्रम करू नये, घंटा वाजवावी आणि गप्प बसावे. जीव जातात ते बहुधा त्या पराक्रमात.

"थांबणं हे तिचं मूळ काम आहे, साहेब," तो म्हणाला. "चालायचं तेव्हा तिला परवानगी लागते."

मला मागे वाचलेले आठवले. एलिशा ओटिस नावाच्या अमेरिकन माणसाने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गर्दीसमोर उंच फळीवर उभे राहून वरचा दोर तोडायला लावला होता. फळी थोडी घसरली आणि जागच्याजागी अडकली. माणसे-सामान वर नेणारे पाळणे त्याच्या आधीही होते. त्याने शोधला तो थांबवणारा खटका. त्या खटक्यामुळेच लोक लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार झाले आणि इमारती उंच झाल्या. 'नाही' म्हणता येणाऱ्या यंत्रावरच माणसाने विश्वास ठेवला.

आणि ही परवानगी कशी लागते? प्रत्येक मजल्याच्या दाराला एक स्विच, पेटीच्या दाराला एक, वरच्या टोकाला, खालच्या टोकाला, लाल बटणाला, जादा वेग पकडणाऱ्या चाकाला. सगळे एकाच तारेत एकापुढे एक. एकाने जरी 'नाही' म्हटले तरी तार तुटली आणि लिफ्ट जागेवर. आमच्या कर्जाच्या फायलीसारखे! सात सह्यांपैकी एक राहिली की फाइल हलत नाही. फरक इतकाच की लिफ्टच्या फायलीत कोणती सही राहिली ते एकेक मजला चढून पाहता येते.

पहिल्या मजल्याचे दार बरोबर. दुसऱ्याचे बरोबर. तिसऱ्या मजल्यावर मेकॅनिक खाली बसला. जाळीचे दार लागल्यासारखे दिसत होते. बोटभर उघडे होते. त्याने खालच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि एकेक करून गुटख्याच्या पुड्या बाहेर काढल्या. एक, दोन, तीन... एकवीस. दाबून, ठासून, वरून पायाने बसवलेल्या. दाराला शेवटचे बोटभर सरकता येत नव्हते, म्हणून खटका लागत नव्हता, म्हणून स्विच 'नाही' म्हणत होता, म्हणून आठ महिने आजी पायरीवर बसत होत्या.

आता गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. म्हणजे राज्यात अधिकृतपणे जी वस्तू नाही, तिने आमची लिफ्ट अडवली होती. मालकांनी ते मान्यच केले नाही. "आपल्या इमारतीत असलं कोणी खात नाही," ते म्हणाले, आणि बोलण्याआधी खिडकीबाहेर पिचकारी मारून आले.

दार लावले. खट् असा आवाज झाला. खालून शिपाई ओरडला, "हलली!"

बिल पाचशे रुपये झाले, त्यात पेट्रोल धरून. कामाला पंचवीस मिनिटे लागली, त्यातली वीस जिना चढण्यात आणि एकवीस पुड्या मोजण्यात. मेकॅनिकने देखभालीचा करार करून घ्या, तीन महिन्यांनी कोणीतरी बघायला हवे, असे सांगितले. मुंबई इलाख्यात लिफ्टसाठी १९३९ सालीच कायदा झाला होता. तेव्हा आष्टी निजामाच्या राज्यात होती, म्हणून आपल्याला लागू नाही असे म्हणता आले असते. पण आता २०१७ सालचा महाराष्ट्राचा कायदा आहे आणि तो आष्टीपर्यंत येतो. लिफ्ट लावायला परवानगी लागते, चालवायला परवाना लागतो, तपासायला निरीक्षक असतो. बंद ठेवायला मात्र एक पत्रा आणि पावशेर लाल रंग पुरतो. माझे सगळे भांडण हे आहे.

पुढच्या महिन्यात आजी आल्या. मी खाली गेलो आणि त्यांना लिफ्टमध्ये घेतले. त्यांनी एका हाताने जाळी आणि दुसऱ्या हाताने माझी बाही धरली. पेटी वर निघाली तशी वर बघून म्हणाल्या, "कोण वढतंय वरून?"

मी सांगितले, ओढायला मोटार आहे, पण पलीकडे लोखंडाचे मोठे वजन बांधले आहे. आपण वर जातो तेव्हा ते खाली येते, म्हणून ओझे हलके होते.

आजींनी थोडा विचार केला. "म्हंजी पल्याड दुसऱ्यानं मोळी धरलीया," त्या म्हणाल्या. "आमच्या येळंला न्हवतं बाबा असं."

वर खिडकीशी अंगठा पहिल्या झटक्यात लागला नाही. दुसऱ्या झटक्यात लागला.

मी पेंटरकडे नवी पाटी टाकली. मजकूर असा: 'लिफ्ट ... पासून बंद आहे. कारण ... कळवले ... यांना. चालू होण्याची तारीख ... सही ...' पेंटर म्हणाला, "मधल्या जागा रिकाम्या ठेवायच्या? मग पैसे कशाचे घेऊ?" मी म्हटले, रिकाम्या जागांचेच घ्या, त्याच महत्त्वाच्या आहेत. मालकांनी ती पाटी लावू दिली नाही. तिच्यामुळे इमारतीची बदनामी होते असे त्यांचे म्हणणे पडले. जुनीला त्यांनी पैसे मोजले होते, शिवाय तिला वेलबुट्टी होती. माझी पाटी सध्या माझ्या काउंटरच्या मागे भिंतीला टेकून उभी आहे.

गेल्या सोमवारी लिफ्ट पुन्हा थांबली. मी या वेळी हात कमरेवर ठेवले नाहीत. तडक जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलो. साखरपुडा झाला होता, दारात फुलांची माळ अडकली होती. ती काढली, दार लावले, खट् झाले, बटण दाबले. लिफ्ट आली. मी तीत बसून रुबाबात तळमजल्यावर उतरलो. दार सरकवून बाहेर पाऊल टाकतो तो कपाळाला काहीतरी थंडगार लागले. पत्रा. लाल अक्षरे, काळी सावली, निळी किनार. चार मिनिटांत पाटी लागली होती.

आणि पाटीची तार आवळत उभा असलेला बी-बियाणेवाला, लिफ्टमधून बाहेर येणाऱ्या मला बघून म्हणाला, "साहेब, बंद आहे. जिन्याने जा."